काऊचा घास काऊलाच

आमच्या रत्नागिरीच्या घराचे मालक मला 'अगो' म्हणत, माझ्या यजमानांना 'अरे' म्हणत, आणि आमच्या मुलीला मात्र 'अहो' म्हणत. मुलगी तेव्हा रांगत होती. ती दारात बसून उंबरठा चाटत असली की मालक काठी टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "अहो बाय, मला आत जायचं होतं. जरा सरकता का?" बाय काही सरकायची नाही. मग मालक घराला वळसा घालून मागल्या दाराने आत जायचे. थट्टा वाटेल, पण हे मी रोज डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

यांना रत्नागिरीच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून आम्ही लांज्याकडून बिऱ्हाड हलवलं. घर साधंच होतं. चिऱ्याचं जोतं, वर कौलं, पुढे ओटी, मागे चार माड आणि विहीर. अर्ध्या घरात मालक, अर्ध्यात आम्ही. मालकांनी आम्हाला चूल दाखवली, न्हाणीघर दाखवलं, विहिरीचं पाणी काढून चाखायला दिलं. मग माझ्या कडेवरच्या मुलीसमोर उभे राहून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तुम्हाला घर पसंत आहे का?" तिने त्यांची मिशी धरली. "सावकाश सांगा," ते म्हणाले, आणि मिशी सुटेपर्यंत तसेच वाकून उभे राहिले. मग आमच्याकडे वळून त्यांनी घराची एकुलती एक अट सांगितली.

"ह्या घरात पोराला खोटा सांगायचा नाय. कोणी नाय. हसवायला नाय नि झोपवायला पण नाय."

बाहेर आल्यावर हे मला हळूच म्हणाले, "म्हातारा जरा सरकलेला दिसतोय. पण पाणी गोड आहे." पाण्यासाठी आम्ही अट मान्य केली. ती पाळायला किती जड आहे याची मला त्या वेळी काडीची कल्पना नव्हती.

मालकांनी सगळी नोकरी पूर्णगडच्या बंदरावर, जकातीच्या नाक्यावर काढली होती. गलबतं लागायची, त्यांवरचे तांडेल उतरायचे, आणि गलबताच्या पोटात कुठला माल आहे तेवढं सोडून बाकी सगळं सांगायचे. "नारळाखाली काय हाय विचारला, तर म्हणे नारळ. त्याच्याखाली? तर म्हणे नारळच. नी हात घातला की भलताच काय तरी लागायचा!" असं सांगताना मालक हसायचे. "माझ्या वाटणीचा खोटा मी तिकडेच ऐकून संपवलाय. आता घरात नुको." याहून मोठं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि असेल असं मला वाटत नाही. त्यांची बायको आम्ही येण्याआधीच वारली होती. मुलगा मुंबईला गोदीत होता, तो शिमग्याला आणि गणपतीला यायचा.

पलीकडच्या घरात एक काकी राहायची. जिभेने तिखट, मनाने लोण्याचा गोळा. आमच्या बायचं तिला भारी कौतुक. एका दुपारी बाय झोपेना, तेव्हा काकी तिला थोपटत म्हणाली, "झोप गो बाय, नायतर बागुलबुवा येल हां."

ओटीवरून आवाज आला, "कधी येणार?"

"कोण?" काकी म्हणाली.

"बागुलबुवा. वेळ सांग, म्हणजे मी घरात ऱ्हातो."

काकी तोंडाला पदर लावून हसायला लागली. मालक मात्र उठले, दार सताड उघडून पाट मांडून बसले, आणि दिवेलागणीपर्यंत हलले नाहीत. पानाची चंची मांडीवर, नजर अंगणाच्या फाटकाकडे, बेड्याकडे. दिवा लागल्यावर ते बायपाशी आले आणि म्हणाले, "बागुलबुवा आला नाही. काकींना कोणीतरी चुकीची बातमी दिली होती." काकीने त्यानंतर आठवडाभर आमच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. पण बागुलबुवाचं नावही पुन्हा काढलं नाही.

माझी पाळी घासावरून आली. बाय जेवायला फार त्रास द्यायची. मी आपली साऱ्या आया करतात तशी, मऊ भात कालवून, 'हा घास काऊचा' म्हणत तिच्या तोंडात घालत होते. मालक खांबाला टेकून बघत होते.

"काऊचा ना तो?"

"हो."

"मग बायनी का खाल्ला?"

दुसऱ्या दिवशी ते केळीच्या पानाचा तुकडा घेऊन हजर. मी 'काऊचा घास' म्हटलं की तो घास पानावर घेऊन ते गडग्यावर, कुंपणाच्या दगडी बांधावर, नेऊन ठेवायचे आणि "काव काव" करून ओरडायचे. कावळ्याने चोच मारली की पुढचा घास बायला. मग चिऊचा. मग गायीचा, तो हातात घेऊन काकीच्या गोठ्यापर्यंत जायचं, मागे मी बायला कडेवर घेऊन. एकदा गायीने तोंड फिरवलं. मालकांनी घास परत आणला आणि बायला विचारलं, "गायीला नको आहे. आता हा कोणाचा?" बायने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मग हा घास बायचा," असं म्हणून त्यांनी तो माझ्या हाती दिला, आणि बायने आ वासला.

"काय रे, रोजचे पितर जेवायला घालतोस काय कावळ्यांना?" काकी गडग्यापलीकडून विचारायची. एका जेवणाला माझी अर्धी दुपार जायची, चूल थंड व्हायची. पण एक सांगते, बायच्या मागे वाटी घेऊन धावायचं माझं त्या दिवसापासून संपलं. आपला घास आपलाच आहे हे तिला पटलं होतं. ती मांडी घालून, आपली पाळी येईपर्यंत, गडग्यावरच्या कावळ्याकडे एखाद्या पंगतीतल्या पाहुण्याकडे बघावं तशी बघत बसायची.

ती पडली की आपण जमिनीला चापट मारतो, 'हात् रे, बायला पाडलं!' तेही बंद. "जमिनीने काही केलं नाही," मालक तिला सांगायचे. "तुम्ही पुढे बघत नव्हता." आणि मग गुडघ्याला हळद लावायचे. चांदोबा हवा म्हणून ती हटून बसली, तर मी आपली पाण्याच्या परातीकडे धावले. मालकांनी मला थांबवलं. "चांदोबा मिळत नाही," ते म्हणाले. "मीही लहानपणी मागितला होता. मलाही दिला नाही." बाय रडायची थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. दोघं ओटीच्या कडेला बसून, न मिळालेला चांदोबा बराच वेळ बघत होते.

यांना मात्र अट फार जाचली. कचेरीला निघायची वेळ झाली की बाय पायाला मिठी मारायची. म्हणून हे तिला काहीतरी दाखवून, नजर चुकवून मागल्या दाराने सटकायचे. मालकांनी एक दिवस यांना विहिरीपाशी गाठलं. "चोरासारखा जातोस कशाला? सांगून जा." दुसऱ्या दिवसापासून हे तिला सांगून निघू लागले. काय तो आकांत! साऱ्या आळीला वाटलं असेल, आम्ही पोर झोडपतोय. यांचे डोळे भरून यायचे, टोपी हातात धरून ते बेड्यापर्यंत उलट्या पावलांनी जायचे. मला मालकांचा राग यायचा, अगदी तळपायाची आग मस्तकाला जायची. आणि मग एका सकाळी बाय रडलीच नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "या." हे जागच्या जागी थांबले. संध्याकाळी मला म्हणाले, "अगं, तिला खरंच वाटतं की मी परत येणार." ते वाक्य मला कधीच विसरता आलेलं नाही.

एवढा खऱ्याचा सोस, तर हा माणूस भातुकली कशी खेळणार, असं मला वाटायचं. रिकाम्या बोळक्यातला भात हे खोटंच की! पण बाय बोलवायची आणि मालक जेवायला यायचे. हात धुऊन, टोपी काढून, करवंटीपुढे मांडी घालून. हवेचा घास कालवायचे, लोणचं मागायचे, आमटीला मीठ कमी आहे म्हणायचे. मी एकदा धीर करून विचारलंच, "मालक, हे चालतं होय?"

"हे दोघांना ठावक हाय गो," ते म्हणाले. "मी तिला फसवत नाय, ती मला फसवत नाय. हा खेळ." आणि पुन्हा वाढून घेतलं.

एका आषाढात त्यांनी बायला शब्द दिला की उद्या मिऱ्याच्या समुद्रावर नेऊन शाकारलेल्या होड्या दाखवीन. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून, माडाच्या झापांनी झाकून ठेवतात त्या. दुसऱ्या दिवशी असा पाऊस कोसळला की समोरचा माड दिसेना. बाय पार विसरून चुलीपुढे खेळत होती. मालक इरलं घेऊन दारात उभे.

"अहो, ती विसरली," मी म्हटलं.

"मी कुठे विसरलोय?" असं म्हणून ते तिला खांद्यावर घेऊन निघाले. परत आले ते दोघं चिंब. बायला काही झालं नाही. मालक मात्र तापाने फणफणले, आणि मी काढा घेऊन गेले तर म्हणाले, "होड्या बघून तिने काय विचारलान ठावक हाय? म्हणे, ह्यांना कोणी पांघरूण घातला?" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी देवळात हात जोडून उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. त्या दिवसापासून मला त्यांचा राग धरून ठेवणं जमेना. थोडी भीतीच वाटायला लागली. इतकं सरळ वागणारं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं.

बायचे कान टोचायचे राहून गेले होते. ती चौथ्या वर्षात होती तेव्हा सोनार आला. काकी म्हणाली, मुंगी चावल्यासारखं होईल. सोनार म्हणाला, कळणारसुद्धा नाही. बायने मालकांकडे बघितलं. "दुखेल," मालक म्हणाले. "मुंगीपेक्षा पुष्कळ. पण रात्रीपर्यंत कमी होईल." बायने किंकाळ्या फोडल्या, सोनार वैतागला, मी मालकांना मनातल्या मनात नको नको ते बोलले. झोपताना बाय कानाला हात न लावता मला म्हणाली, "आई, मुंगी नव्हती. मालक म्हणाले तसंच होतं."

मग ती गळाची दुपार आली.

यांना रविवारी खडकावर बसून मासे गरवायचा नाद. दोरी आणि गळ ओटीच्या वाशाला अडकवलेले असायचे. बाय पाचव्याला टेकली होती. एका दुपारी, जेवणं झाल्यावर, तिने बाकड्यावर चढून ती दोरी खाली ओढली. मी किंकाळी ऐकून धावले. गळ तिच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत रुतला होता आणि दोरी गालावर लोंबत होती.

हे कचेरीत, मालक बाजारात. काकीने दोरी कापली, मी बायचे दोन्ही हात धरून तिला उचललं, आणि आम्ही दोघी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे धावत गेलो. डॉक्टर भला माणूस. त्यांनी बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "काटा उलटा आहे. मागे ओढला तर पापणी फाटेल. पुढे काढून, टोक कापून, मग मागे घ्यावा लागेल. गुंगी द्यायची सोय माझ्याकडे नाही, आणि थांबलो तर ती चोळून डोळा फोडून घेईल. काढतो आत्ताच. पण ती हलता कामा नये. जरा हलली तर डोळा जाईल."

बायला टेबलावर निजवलं. कंपाउंडरने पाय धरले, काकीने हात, मी डोकं. "काही नाही हं, नुसतं औषध लावतो," डॉक्टर म्हणाले. "फू करतील गो, फू," काकी म्हणाली. "दुखणार नाही, राजा," मी म्हटलं. होय, मीसुद्धा म्हटलं. आणि डॉक्टरांचा हात जवळ आला की बाय अशी उसळायची की आम्हा तिघांना आवरत नव्हती. डॉक्टरांनी दोनदा हात मागे घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

तेवढ्यात मालक आले. कोणीतरी बाजारात सांगितलं असावं. पायात वहाण नव्हती.

बायने एक डोळा उघडून त्यांना पाहिलं आणि विचारलं, "मालक, दुखेल?"

डॉक्टरांनी बायच्या डोक्यामागून मान हलवून खूण केली, नाही म्हणा. काकीने हात जोडले. आणि मी? मी जन्मात पहिल्यांदा देवाकडे मागितलं, की या माणसाला आज खोटं बोलायची बुद्धी दे. एकदाच. माझ्या पोरीच्या डोळ्यासाठी.

मालकांच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"दुखेल," ते म्हणाले. "कानापेक्षा जास्त दुखेल. तुम्ही हललात तर हा डोळा जाईल आणि पुन्हा मिळणार नाही. हलला नाहीत तर राहील. होय ना हो डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले, "होय."

मला वाटलं, संपलं सगळं. बाय ओरडली नाही. तिचे हात सैल पडले. तिने विचारलं, "किती वेळ?"

मालकांनी डॉक्टरांकडे बघितलं. "तिला सांगा. तिला समजेल असं सांगा."

डॉक्टर गडबडले. "तुला पाढे येतात?" रोज दिवेलागणीला मालक आणि बाय परवचा म्हणायला बसत, त्यामुळे बेचा तिला पाठ होता. "मग बेचा म्हणून होईल एवढा वेळ," डॉक्टर म्हणाले.

"हात सोडा तिचे," मालक म्हणाले. काकीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काकीने हात सोडले, मालकांनी आपलं एक बोट बायच्या मुठीत दिलं, आणि डॉक्टर वाकले.

"बे एके बे," बाय म्हणाली.

मी तिचं डोकं धरलं होतं. खरं तर धरायची गरजच नव्हती, ते माझ्या हातांत दगडासारखं स्थिर होतं. बे चोक आठला ती थांबली, तिच्या घशातून एक बारीक आवाज आला, आणि मग बे पंचे दहा. तिच्या कानामागे घाम ओघळत होता. बे नवे अठरा. बे दाहे वीस.

आणि डॉक्टरांचं झालं नव्हतं. टोक बाहेर आलं होतं, कापायचं राहिलं होतं. त्यांनी डोळे वर करून मालकांकडे बघितलं. आता काय सांगायचं तिला? झालंच, झालंच, असंच ना? मी तरी तेच सांगितलं असतं.

मालक तिच्या कानाशी वाकले. "अहो बाय," ते म्हणाले, "आमचं चुकलं. अजून झालेलं नाही. आणखी किती वेळ लागेल, ते आता मला सांगता येत नाही."

बायने मिटलेले डोळे उघडले नाहीत.

"मग तिनाचा म्हणू?" तिने विचारलं.

"म्हणा," मालक म्हणाले.

तिनाचा तिला अजून पुरता येत नव्हता. तीन चोक बारापर्यंत ती गेली आणि अडली. मालकांनी पुढचं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. मग मीच म्हटलं, "तीन पंचे पंधरा." बाय माझ्या मागून म्हणाली. काकीला पाढे येत नसत, तीही आमच्या मागून पुटपुटू लागली. तिघी म्हणत होतो, आणि मालक नुसते उभे होते, बायच्या मुठीत बोट देऊन. चिमट्यातून काहीतरी पितळी ताटलीत पडलं. डॉक्टर सरळ झाले.

"डोळा राहिला," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

मी तिथेच खाली बसून रडले. काकी रडली. कंपाउंडर पाय धरून तसाच उभा होता, त्याला सोडायचं सुचलंच नव्हतं. डॉक्टरांनी पापणीवर औषध लावलं, पट्टी बांधली. बाय उठून बसली. तिने दुसऱ्या डोळ्याने मालकांकडे नीट पाहिलं. त्यांच्या गालांवरून पाणी मिशीत उतरत होतं आणि ते त्यांनी पुसलेलं नव्हतं. त्या माणसाला रडताना मी तेवढ्याच वेळी पाहिलं.

"मालक," बाय म्हणाली, "तुम्हाला दुखलं?"

"हो."

"कानापेक्षा जास्त?"

"फार जास्त."

बायने दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरून खाली ओढलं आणि त्यांच्या डोळ्यांवर फुंकर घातली. आधी एका, मग दुसऱ्या. "आता बरं वाटलं?" तिने विचारलं.

मालक जरा थांबले. खरं काय ते बघून घ्यावं तसे थांबले.

"हो," ते म्हणाले. "आता बरं वाटलं."